ऐतिहासिक पाईप ऑर्गनची पुनर्बांधणी : निकषांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

मराठी रसिकाला ‘ऑर्गन’ हा शब्द संगीत नाटकामुळे परिचित आहे. परंतु नाट्यपदांना साथ करणारा ऑर्गन हा पायाने भाता चालवून धातूच्या रीडवर वाजणारा आहे. चर्चमधील पाईप ऑर्गनमध्ये हवा लहानमोठ्या नळ्यांत सोडली जाते आणि प्रत्येक नळी एकच स्वर देते. हे वाद्य वास्तूतच बांधलेले असल्याने ते सहज हलविता येत नाही. त्यामुळे त्याची दुरुस्ती करताना ते स्मारक मानावे की वाद्य, असा प्रश्न निर्माण होतो. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधील मोठ्या ऑर्गनच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

विषय विवेचन :

दि. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कॅथेड्रलचे छत जळाले. ऑर्गन मात्र बचावला. तथापि वितळलेल्या शिशाची विषारी धूळ त्याच्या सुमारे ८,००० नळ्यांवर व यंत्रणेत बसली. २०२० मध्ये वाद्याचे भाग सुटे करण्यात आले. ते स्वच्छ व दुरुस्त करून पुन्हा जोडण्यात आले आणि २०२४ मध्ये, शांतता मिळावी म्हणून रात्रीच्या वेळी, नळ्या सुरात लावण्यात आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा खुले झाले, तेव्हा हा ऑर्गनही पुन्हा वाजू लागला.

या वाद्याचे ‘मूळ रूप’ कोणते, हे सांगणे सोपे नाही. इ. स. १७३३ मध्ये थिएरी व १७८८ मध्ये क्लिको यांनी त्यावर काम केले. १८६८ मध्ये काव्हाये-कोल यांनी जुन्या नळ्या राखून त्याला भव्य रूप दिले. १९६० च्या दशकात पट्टी दाबल्यावर नळीत हवा सोडणारी यांत्रिक जोडणी काढून विद्युत जोडणी आली, तर १९९० च्या दशकारंभी संगणकही आला. म्हणजेच एकाच वाद्यात तीन शतकांचे थर नांदत आहेत.

अशा थरांचे काय करावे? छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच याची दोन परस्परविरोधी उत्तरे आढळतात. सोयगाव तालुक्यातील फर्दापूरजवळच्या अजिंठा लेण्यांत १९२० च्या दशकारंभी निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांचे जतन करविले. चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला, मूळ रंग झाकोळले आणि तो लेप काढण्याचे कष्ट नंतरच्या पिढ्यांच्या वाट्याला आले. येथे मूळ चित्र प्रमाण असून नंतरचा थर हा दोष ठरतो. याउलट वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी केला. तेथे जुन्या दगडापेक्षा उपासनेचे सातत्य महत्त्वाचे मानले गेले आणि नवे बांधकाम हेच देवस्थानाचे रूप झाले.

पाईप ऑर्गनला यांपैकी कोणताही एक निकष पुरत नाही. केवळ अजिंठ्याचा निकष लावला, तर १८६८ नंतरचे सर्व काढून टाकावे लागेल व त्या वाद्यावर वाढलेली वादनपरंपरा खंडित होईल. केवळ जीर्णोद्धाराचा निकष लावला, तर जुन्या नळ्या वितळवून नव्या ओतण्यासही हरकत उरणार नाही. पॅरिसमध्ये थर न काढता वाद्य दुरुस्त करण्यात आले. नळ्यांच्या बाबतीत हा निर्णय योग्य वाटतो. नळीच्या तोंडाशी कारागिराने केलेले सूक्ष्म काम हाच तिचा आवाज असतो. ते एकदा नष्ट झाले की परत मिळत नाही. चामडे, तारा, जोडण्या मात्र झिजणाऱ्याच वस्तू होत.

तरीही एक आक्षेप उरतो. जुन्या यांत्रिक जोडणीचा वादकाच्या बोटाला जाणवणारा स्पर्श वेगळा होता. विद्युत जोडणीत तो तसा राहिला नाही. लुई व्हिएर्न हे १९०० ते १९३७ या काळात येथे वादक होते. त्यांच्या हाताला लाभलेला तो स्पर्श आजच्या वादकाला मिळत नाही. आवाज वाचला, पण वाजविण्याची जुनी रीत परतली नाही. ‘ऐतिहासिक वाद्य पूर्ववत झाले’ असे म्हणताना ही मर्यादा नोंदविणे समीक्षेचे कर्तव्य आहे.

निष्कर्ष :

१. ऑर्गनचे जतन करताना जे पुन्हा निर्माण करता येत नाही ते राखावे. जे झिजते ते बदलावे.

२. प्रत्येक बदल पुढे काढून टाकता येईल असा असावा व त्याची लेखी नोंद ठेवावी. अजिंठ्याच्या लेपाने हाच धडा दिला आहे.

३. सेंट थॉमस व होली नेम ही मुंबईतील कॅथेड्रल आणि जुन्या गोव्याचे सें कॅथेड्रल येथेही पाईप ऑर्गन आहेत. दमट हवेत लाकूड व चामडे लवकर बिघडते. तेथे दुरुस्तीपूर्वी नळ्यांची मापे व आवाज यांची नोंद होणे अत्यावश्यक आहे. नोंदीवाचून झालेली दुरुस्ती कितीही कुशल असली, तरी तीत काय गमावले हे पुढील अभ्यासकाला कळण्यास मार्ग उरत नाही.