कर्ता आणि अधिकरण : एल. ए. रिंग यांचे ‘सुगीत’

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॅनिश चित्रकलेने स्वदेशाच्या भूमीकडे नव्या आदराने पाहण्यास आरंभ केला. कलेतिहासकार एन. एल. होयेन यांनी १८४४ मध्ये राष्ट्रीय कलेचा पुरस्कार केला. योहान टोमास लुंडब्यू (१८१८–१८४८) यांच्या भूदृश्यांत झीलंड बेटावरील शेते, टेकड्या व किनारे यांना भव्यता लाभली. मनुष्य मात्र तेथे असलाच तर भूमीच्या विस्तारात लहानसा दिसतो. लाउरिट्स आंडर्सन रिंग (१८५४–१९३३) यांच्या १८८५ मधील चित्रात हे प्रमाण उलटलेले आहे. कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातील हा पट सुमारे १९० सेंटीमीटर उंच व १५४ सेंटीमीटर रुंद आहे. भूदृश्यास स्वाभाविक असणारी आडवी चौकट सोडून येथे उभी चौकट योजली आहे. क्षितिज उंचावर आहे, पटाचा बराच भाग पिकलेल्या धान्याने व्यापला आहे, आणि त्यात एक मनुष्य लांब दांड्याच्या विळ्याने कापणी करीत आहे.

हे चित्र डॅनिश शेतकऱ्याचे स्मारक होय, असे सामान्यतः मानले जाते. आकारमान पाहता हे मत निराधार नाही. परंतु चित्राचे शीर्षक वेगळी दिशा दाखविते. डॅनिश भाषेत ते ‘ई ह्योस्ट’ असे आहे. मराठीत ‘सुगीत’ हाच त्याचा नेमका प्रतिशब्द. डॅनिशमध्ये जे कार्य ‘ई’ हे शब्दयोगी अव्यय करते, ते मराठीत सप्तमीचा प्रत्यय करतो. ‘ह्योस्ट’ हा शब्द मुळात शरद ऋतूचा वाचक आहे; पुढे तो कापणीचा वाचक झाला. आपल्या ‘सुगी’तही काळ आणि काम यांची अशीच एकरूपता आहे. शीर्षकात कर्ता नाही, क्रियापद नाही. आहे ते केवळ अधिकरण.

केवळ शीर्षकावरून चित्राचा अर्थ ठरविणे धाडसाचे होईल. पण रचनाही याच अर्थास पुष्टी देते. स्मारकातील पुरुष चौथऱ्यावर उभा असतो. येथील पुरुष धान्यात उभा आहे. तो प्रेक्षकास सामोरा येत नाही. त्याचे लक्ष पात्याकडे आहे.

या अनामिकतेस एक विशेष पार्श्वभूमी आहे. चित्रातील मनुष्य म्हणजे चित्रकाराचा सख्खा भाऊ ओले पेटर आंडर्सन. स्थळ फाक्सेनजीकची त्याची शेती. चित्रकाराने १८८१ च्या सुमारास ‘रिंग’ हे आपल्या जन्मग्रामाचे नाव आडनाव म्हणून स्वीकारले होते, तेही मराठीतील ‘-कर’सारखा कोणताही प्रत्यय न जोडता. म्हणजे जो गाव सोडून गेला त्याने गावाचे नाव धारण केले; जो शेतात राहिला त्याचे नाव शीर्षकात आले नाही. येथे भावावर अन्याय झाला काय, हा प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर काळाच्या संदर्भात शोधावे लागते. १८७० नंतर अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्यामुळे युरोपातील भाव कोसळले. डॅनिश शेती लोणी व डुकराचे मांस यांकडे वळू लागली. येडिंग येथे पहिली सहकारी दुग्धशाळा १८८२ मध्ये निघाली. अशा वेळी रंगविलेली धान्याची कापणी सनातन ग्रामजीवनाची ग्वाही देऊ शकत नाही. त्याच वर्षी रिंग यांनी जमिनीत निचऱ्याच्या नळ्यांसाठी चर खणणारे मजूर रंगविले, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्यांची दृष्टी बदलत्या श्रमावर होती.

म्हणून ‘शाश्वत शेतकरी’ हे या चित्राचे वाचन अपुरे ठरते. भावाचे नाव गाळून रिंग यांनी त्याला प्रतीक केले नाही, तर एका विशिष्ट हंगामात त्याला त्याच्या कामासह स्थापिले. स्मारक काळास थोपवू पाहते. सप्तमी माणसाला काळात ठेवते. या चित्राचे थोरपण त्याच्या उंचीत जितके आहे, तितकेच या विभक्तीत आहे.