'मुद्दाम' : जाण, हेतू आणि यत्न

मराठी समीक्षेत 'जाणीवपूर्वक' हे क्रियाविशेषण इतके रुळले आहे की, त्यातून नेमके कोणते विधान केले जाते याचा विचार सहसा होत नाही. 'लेखकाने शेवट जाणीवपूर्वक मोकळा ठेवला आहे' हे कृतीचे वर्णन आहे की कर्त्याच्या मनाचे? या प्रश्नाच्या उलगड्यासाठी बोलण्यातील 'मुद्दाम' हा शब्द उपयुक्त ठरतो.

'मुद्दाम', 'जाणूनबुजून' आणि 'हेतुपुरस्सर' हे शब्द सामान्यतः समानार्थी मानले जातात. वापरात मात्र त्यांची अदलाबदल होत नाही. निमंत्रण देताना 'मुद्दाम या' असे म्हणतात. 'जाणूनबुजून या' असे म्हणता येत नाही. 'तुझ्यासाठी मुद्दाम पुरणपोळी केली' या वाक्यात माया आहे. तेथे 'जाणूनबुजून' घातले की पुरणपोळी करणे हा अपराध ठरतो.

विरुद्धार्थी शब्दांतून हा भेद अधिक स्पष्ट होतो. 'जाणूनबुजून'च्या विरोधात 'नकळत' उभा राहतो. 'मुद्दाम'च्या विरोधात मात्र 'चुकून' आणि 'सहज' हे दोन्ही. 'सहज आलो' म्हणणाऱ्याला आपण कोठे आलो हे ठाऊक असतेच. नसतो तो त्यासाठी केलेला वेगळा यत्न. म्हणजेच 'जाणूनबुजून' जाणिवेवर, 'हेतुपुरस्सर' साध्यावर, तर 'मुद्दाम' नेहमीचा क्रम सोडून केलेल्या यत्नावर बोट ठेवतो. तो यत्न दोषास्पद की स्नेहाचा, हे संदर्भावरून ठरते.

विम्झट आणि बिअर्डस्ली यांनी 1946 साली लेखकाचा हेतू हा साहित्यकृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले. ते मान्य केले तरी कृतीतील योजनापूर्वकतेविषयी बोलणे थांबत नाही. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (1947) या संग्रहात ओवी-अभंगाच्या वळणात यंत्रयुगाची शब्दकळा येते. त्या वेळी कवीच्या मनात काय होते, याची साक्ष संहिता देत नाही. परंतु छंदाची परंपरा ज्ञात असल्याने तिच्यापासूनचे अंतर वाचकाला प्रत्यक्ष दिसते. संहितेवरून सिद्ध होऊ शकते ते हे 'मुद्दाम'पण, 'जाणीव' नव्हे.

तेव्हा 'जाणीवपूर्वक' हा शब्द वापरणाऱ्या समीक्षकाने कोणत्या संकेतापासून कृती दूर गेली हे आधी दाखविले पाहिजे. ते न दाखविता केलेला त्याचा वापर म्हणजे विश्लेषणाच्या जागी ठेवलेली प्रशस्ती होय.