रेमंड कार्व्हरच्या कथा : शैली आणि पाठ

वाक्यरचनेवरून लेखकाच्या जीवनदृष्टीविषयी अनुमान काढणे ही शैलीविचाराची रूढ पद्धत आहे. परंतु ती वाक्ये त्याच लेखकाची आहेत काय, हा प्रश्न अगोदर सुटावयास हवा. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर (१९३८–१९८८) याच्या कथांचा अभ्यास करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

कार्व्हरचा जन्म ऑरेगन राज्यातील क्लॅट्स्कनी येथे झाला. त्याचे बालपण वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे गेले. वडील लाकूड कापण्याच्या गिरणीत कामगार होते. एकोणिसाव्या वर्षी विवाह, पाठोपाठ दोन अपत्ये, उदरनिर्वाहासाठी पत्करलेली किरकोळ कामे आणि १९७७ साली सुटेपर्यंत जडलेले मद्यपान, असे त्याचे आयुष्य होते. एका बैठकीत पुरा होऊ शकेल असाच वाङ्मयप्रकार त्याला परवडणारा होता. म्हणून तो लघुकथेकडे व कवितेकडे वळला. त्याच्या कथांतील विक्रेते, उपाहारगृहांतील परिचारिका व बेकार माणसे याच अनुभवातून आली आहेत.

१९८१ साली 'व्हॉट वुई टॉक अबाउट व्हेन वुई टॉक अबाउट लव्ह' हा सतरा कथांचा संग्रह प्रसिद्ध झाला आणि अल्पाक्षरी शैलीचा प्रणेता म्हणून कार्व्हरची ख्याती झाली. तथापि क्नॉफ प्रकाशनसंस्थेतील संपादक गॉर्डन लिश याने हस्तलिखिताचा निम्म्याहून अधिक भाग गाळला होता. ८ जुलै १९८० रोजी लिशला लिहिलेल्या पत्रात कार्व्हरने प्रकाशन थांबविण्याची कळकळीची विनंती केली. तरीही संग्रह निघाला. मूळ हस्तलिखित 'बिगिनर्स' या नावाने २००९ साली उपलब्ध झाले.

काटछाटीचा परिणाम एका कथेवरून स्पष्ट होतो. वाढदिवशीच एका मुलाला मोटारीचा धक्का लागतो. त्याच्यासाठी केक करून ठेवलेला पाववाला, अपघाताची वार्ता नसल्याने, घरी वारंवार दूरध्वनी करीत राहतो. 'द बाथ' या संक्षिप्त पाठात निवेदक पात्रांचा निर्देश बहुधा 'आई', 'नवरा' अशा नातेवाचक नामांनी करतो. मुलाचे पुढे काय होते हे न सांगता, दूरध्वनीच्या आवाजावरच कथा तोडलेली आहे. हा आवाज पाववाल्याचा की रुग्णालयातून आलेला, हेही निश्चित होत नाही. 'अ स्मॉल, गुड थिंग' या दीर्घ पाठात अ‍ॅन व हॉवर्ड ही नावे निवेदनातच वावरतात. मुलगा मृत्यू पावतो. संतप्त आईबाप पाववाल्याकडे जातात. तो क्षमा मागतो, त्यांना ऊन पाव खाऊ घालतो आणि आपले एकाकीपण त्यांच्यापाशी बोलून दाखवितो. सूत्रकारांना अल्पाक्षरत्वाबरोबर असंदिग्धताही अभिप्रेत होती. 'द बाथ'मध्ये मात्र संदिग्धता हेच अल्पाक्षरत्वाचे प्रयोजन झाले आहे. गाळला गेलेला भाग पाल्हाळाचा नव्हता. दुःखितांना परस्परांशी बोलता येते, हा कथेचा आशयच त्यात होता. म्हणून 'कार्व्हरच्या जगात संवाद अशक्य आहे' हा निष्कर्ष निव्वळ १९८१ च्या संग्रहावरून काढणे धोक्याचे ठरते.

याच्या उलट, 'बिगिनर्स' हाच खरा कार्व्हर होय, असे म्हणणेही घाईचे होईल. हस्तलिखित हा लेखकाचा अंतिम निर्णय नव्हे; कार्व्हर तर कथांवर पुनःपुन्हा हात फिरविणारा लेखक होता. या वादात अधिक भरवशाचा पुरावा त्याच्या १९८८ च्या 'व्हेअर आय'म कॉलिंग फ्रॉम' या निवडक संग्रहात सापडतो. तेथे त्याने 'अ स्मॉल, गुड थिंग' व 'सो मच वॉटर सो क्लोज टू होम' यांचे दीर्घ पाठ स्वीकारले. परंतु १९८१ च्या संग्रहाला नाव देणारी कथा आणि 'व्हाय डोन्ट यू डान्स?' या कथा लिशने संक्षिप्त केलेल्या रूपातच ठेवल्या. म्हणजे कार्व्हरने संपादकाचा हात सरसकट नाकारला नाही, सरसकट मानलाही नाही. प्रत्येक कथेचा निवाडा त्याने स्वतंत्रपणे केला.

शैलीच्या अभ्यासकानेही हाच मार्ग अनुसरणे इष्ट होय. वाक्यांची लांबी, सर्वनामांचे प्रमाण, संवादातील अध्याहृत पदे यांची गणना करण्यापूर्वी ती कोणत्या पाठावर आधारलेली आहे हे नमूद झाले पाहिजे. अन्यथा कार्व्हरची शैली म्हणून लिशच्या लेखणीचेच वर्णन होण्याचा संभव राहतो, आणि पाववाल्याच्या दुकानात पहाटेपर्यंत बसलेली ती तीन माणसे समीक्षेच्या दृष्टीआड होतात.