उसन्या झग्यापासून जोसीपर्यंत : अ‍ॅबी लिंकनचे पडद्यावरील दर्शन

गाणारी बाई पडद्यावर आली की तिने गायलेच पाहिजे, ही प्रेक्षकाची जुनी सवय आहे. नूरजहाँ आणि सुरैया यांना स्वतःच्याच आवाजात गाताना पाहिलेल्या आपल्याकडच्या पिढीला चेहरा आणि आवाज वेगळे काढताच येत नसत. पुढे पार्श्वगायन रुजले. आवाज एकीचा आणि ओठ दुसरीचे, हेही आपल्या अंगवळणी पडले. अमेरिकन जॅझ गायिका अ‍ॅबी लिंकन हिच्या बाबतीत मात्र काही तिसरेच घडले. पहिल्या चित्रपटात ती गायली आणि दिसलीही. पण त्या गाण्यात ती स्वतः नव्हती. ज्या चित्रपटात ती खऱ्या अर्थाने दिसली, त्यात गायिका म्हणून तिला एकही गाणे नाही. नागरी हक्कांच्या चळवळीत निर्भयपणे उभ्या राहिलेल्या या कलावतीच्या आवाजावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या पडद्यावरच्या मोजक्या कामाकडे मात्र आम्हांला आपल्या डोळ्यांनी पाहावेसे वाटते, कारण आपल्या समाजाची बाई पडद्यावर कुणाच्या कपड्यांत येते आणि तिला ते कपडे कोण देतो, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही.

तिचे मूळ नाव अ‍ॅना मेरी वूल्ड्रिज. जन्म ६ ऑगस्ट १९३० रोजी शिकागोचा, बालपण मिशिगनच्या ग्रामीण भागातले, बारा भावंडांतली ती दहावी. नाइट क्लबांत गाऊ लागल्यावर ती गॅबी ली झाली. मग बॉब रसेल या गीतकाराने तिला अ‍ॅबी लिंकन हे नाव दिले. त्यातली 'अ‍ॅबी' लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीवरून, आणि 'लिंकन' अर्थातच गुलामी नष्ट करणाऱ्या अब्राहम लिंकनवरून. नावसुद्धा दुसऱ्याने शिवून दिलेले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१९५६ साली फ्रँक टॅशलिनचा 'द गर्ल काण्ट हेल्प इट' आला. जेन मॅन्सफील्ड नायिका. एका गुंडाला आपल्या मैत्रिणीला गायिका बनवायचे असते, अशी हलकीफुलकी कथा. त्या निमित्ताने लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, द प्लॅटर्स अशी त्या काळातली गाणारी मंडळी एकामागून एक येऊन जातात. त्यांतच अ‍ॅबी लिंकन येते. अंगात लाल झगा आहे. हा झगा 'जेण्टलमेन प्रिफर ब्लॉण्ड्स' या १९५३ च्या चित्रपटात मर्लिन मन्रोने घातलेला. गाणे भक्तिगीताच्या वळणाचे, शुभवार्ता सर्वत्र पसरवा असे सांगणारे. पण कॅमेऱ्याचे लक्ष वार्तेकडे नसून झग्याकडे आहे. चित्रपटात तिला संवाद नाही, कथेशी तिचा संबंध नाही. ती येते, गाते, जाते. हा हिशेबही जुनाच होता. १९४० च्या दशकात एम.जी.एम. कंपनी लीना हॉर्न या अप्रतिम गायिकेची गाणी अशा बेताने चित्रित करी की दक्षिणेकडच्या राज्यांतील चित्रपटगृहांसाठी ती सहज कापून टाकता यावीत. कृष्णवर्णीय स्त्रीचा आवाज हवा, पण तिचे कथेतले अस्तित्व नको, अशी ती सोय होती.

त्या झग्याने अ‍ॅबीला प्रसिद्धी दिली. १९५७ साली 'एबनी' या कृष्णवर्णीयांच्या नामांकित मासिकाने तिला त्याच झग्यात मुखपृष्ठावर छापले. म्हणजे गोऱ्यांच्या हॉलिवूडने दिलेला उसना पोशाख आपल्याच माणसांनाही भूषणावह वाटला! हा मुद्दा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. परक्याने दिलेल्या प्रतिमेवर आपणच आधी भाळतो. 'मेरे मेहबूब' किंवा 'पाकीजा' पाहताना झुंबरे, गरारे आणि नजाकतीची उर्दू पाहून आपला ऊर भरून येतो. त्या वाड्यात बार्शीची विडी वळणारी खातून कुठेच नसते, हे नंतर ध्यानात येते. अ‍ॅबीने पुढे तो झगा जाळून टाकला. मुलाखतींतून तिने ही हकीकत स्वतःच सांगितली आहे.

झगा जाळण्यामागे ड्रमवादक मॅक्स रोच याची सोबत होती, तशी काळाचीही होती. १९६० साली रोचने 'वी इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ स्वीट' ही रचना ध्वनिमुद्रित केली. गीते ऑस्कर ब्राऊन ज्युनिअरची, आवाज अ‍ॅबीचा. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी कांगोचे नेते पॅट्रिस लुमुम्बा यांच्या हत्येच्या निषेधार्थ संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेतील प्रेक्षक सज्जात जी निदर्शने झाली, त्यांत माया अँजेलो आणि रोझा गाय यांच्याबरोबर अ‍ॅबीही होती. त्याच वर्षी तिचा 'स्ट्रेट अहेड' हा ध्वनिमुद्रित संग्रह आला. 'डाउन बीट' या मासिकातल्या समीक्षकाने त्यावर लिहिताना, ही बाई आपल्या वर्णाचाच व्यवसाय करते आहे, अशा आशयाचा शेरा मारला. त्यावरून इतके वादंग माजले की पुढच्या वर्षी त्या मासिकाला चर्चासत्र घेऊन ते छापावे लागले. हा शेरा आपल्या परिचयाचा आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून 'तुम्ही मुसलमान म्हणूनच का लिहिता?' हा सवाल आपल्या लेखकांना किती वेळा ऐकावा लागला, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आता ज्या चित्रपटासाठी हा सगळा खटाटोप, त्याकडे वळू. 'नथिंग बट अ मॅन' १९६४ चा. दिग्दर्शक मायकेल रोमर, सहलेखक आणि छायालेखक रॉबर्ट यंग. दोघेही गोरे, ज्यू. रोमरचा जन्म बर्लिनचा. हिटलरच्या राजवटीतून १९३९ साली ज्या ज्यू मुलांना इंग्लंडला पाठवून वाचवण्यात आले, त्यांपैकी तो एक. कथा अलाबामातली आहे, पण चित्रण झाले न्यू जर्सीत, कारण प्रत्यक्ष दक्षिणेत जाऊन असा चित्रपट काढणे त्या दिवसांत जिवावर बेतले असते. डफ अँडरसन (आयव्हन डिक्सन) हा रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या टोळीतला मजूर. चर्चच्या एका जेवणात त्याची गाठ धर्मोपदेशकाच्या मुलीशी, जोसीशी पडते. जोसी शाळेत शिकवते. बाप गोऱ्यांशी जमवून घेणारा, आपल्या समाजाला सबुरी शिकवणारा. जोसी त्याचा विरोध मोडून डफशी लग्न करते. डफ रेल्वेतली नोकरी सोडून लाकडाच्या गिरणीत लागतो. तेथे सहकाऱ्यांना एकजुटीचे दोन शब्द सांगतो म्हणून काढला जातो. मग पेट्रोल पंपावरून हाकलला जातो. अपमान गिळणे त्याला जमत नाही आणि न गिळता जगणे शक्य नाही.

अ‍ॅबी लिंकनने जोसी कशी साकारली, याचे वर्णन करणे अवघड आहे, कारण तिने जवळजवळ काहीच 'केलेले' नाही. पाहणे आणि ऐकणे एवढेच ती करते. रात्री गाडीत डफसोबत बसलेली असताना दोन गोरे पोरगे येऊन त्यांना छळू लागतात. ही धर्मोपदेशकाची मुलगी, हे ओळखल्यावर निघून जातात. त्या क्षणी जोसीच्या चेहऱ्यावर सुटकेच्या निश्वासाबरोबर एक शरमही उमटते. बापाच्या सबुरीने आज आपल्याला वाचवले, हे तिला कळलेले असते आणि डफलाही कळलेले असते. संवादात हे कुठेही नाही. स्टेजवर ज्या बाईचा आवाज छत फोडतो, ती येथे श्वासावर सगळे बोलते. पार्श्वभूमीला रेडिओवर मोटाउन कंपनीची त्या वर्षांतली गाणी वाजत राहतात. गाणारे दुसरेच आणि गायिका स्वयंपाकघरात. रोमरला ही विसंगती अभिप्रेत असेल-नसेल, आम्हांला ती टोचते, आणि टोचते म्हणूनच चित्रपट लक्षात राहतो.

माल्कम एक्स यांना हा चित्रपट अतिशय आवडला होता, असे सांगतात. आवडला असेल तर नवल नाही. डफची ताठ मान त्यांना आपली वाटली असणार. पण येथेच आम्हांला थांबावेसे वाटते. नोकरी गेल्यावर, सगळ्या बाजूंनी कोंडी झाल्यावर डफ आपला संताप गरोदर जोसीवर काढतो. तो तिला ढकलतो, ती पडते. मग तो घर सोडून जातो. बर्मिंगहॅममध्ये आपल्या दारुड्या बापाला मरताना पाहतो. परक्या बाईकडे टाकून दिलेल्या आपल्या चिमुरड्या मुलाला घेऊन परत येतो. जोसी दार उघडते, दोघांना घरात घेते. शेवटच्या दृश्यात तिच्या डोळ्यांत पाणी आहे. चित्रपटाच्या नावातच 'माणूस' म्हणजे पुरुष आहे, आणि त्याला माणूस म्हणून परत उभे करण्याचे काम बाईच्या सहनशीलतेकडे सोपवलेले आहे. ती रागावली का? तिने काय गमावले? चित्रपट विचारत नाही. हा एवढा प्रामाणिक चित्रपट असूनही तो तिच्या बाजूने एक पाऊल कमी चालतो, असे आमचे मत आहे. अ‍ॅबीच्या चेहऱ्यामुळे ही उणीव झाकली जाते, असे काही समीक्षक म्हणतील. आम्ही म्हणू की त्या चेहऱ्यामुळेच ती उघडी पडते.

१९६६ च्या सप्टेंबरमध्ये 'निग्रो डायजेस्ट' मासिकात अ‍ॅबीचा एक लेख प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय स्त्रीचा मान कोण राखणार, असा त्याच्या शीर्षकातलाच प्रश्न. गोऱ्यांवर तर तिने आसूड ओढलाच, पण आपल्या बाईला कमी लेखणाऱ्या आपल्याच पुरुषांनाही सोडले नाही. लेख चित्रपटाला उत्तर म्हणून लिहिलेला नाही, तरीही आम्ही तो जोसीच्या शेजारी ठेवून वाचतो. जोसीला जे बोलू दिले नाही ते अ‍ॅबी तेथे बोलली. बाहेरून समाजावर हल्ला होत असताना घरातल्या बाईने घरातले गाऱ्हाणे मांडू नये, हा युक्तिवाद शाहबानो खटल्याच्या निकालानंतर १९८५-८६ मध्ये आपण किती व्यासपीठांवरून ऐकला! निकालाचे स्वागत करणाऱ्यांमागचे काही हेतू शुद्ध नव्हते हे खरे. पण त्यामुळे पोटगी मागणाऱ्या वृद्धेचे पोट भरत नव्हते, हेही तितकेच खरे.

१९६४ मध्येच बेल्जियमच्या दूरचित्रवाणीसाठी रोच आणि अ‍ॅबी यांनी 'फ्रीडम नाऊ स्वीट' सादर केली. त्याचे कृष्णधवल चित्रण उपलब्ध आहे आणि वाचकांनी ते जरूर पाहावे. 'ट्रिप्टिक' या भागात शब्द नाहीत. प्रार्थना, निषेध, शांती अशा तीन पायऱ्या. एकटा ड्रम आणि एकटा आवाज. निषेधाच्या भागात ती किंचाळते. एखादी किंकाळी नव्हे; ड्रमच्या घावांबरोबर मिनिटभर ती किंचाळतच राहते. केस नैसर्गिक, आखूड. चेहऱ्यावर प्रेक्षकाला खूश करण्याची किंचितही धडपड नाही. आठ वर्षांपूर्वीच्या त्या लाल झग्यातल्या मुलीशी हिचे नाते जोडून पाहावे. चेहरा आणि आवाज दोन्ही तिचे स्वतःचे असलेला पडदा तिला मिळाला तो हॉलिवूडमध्ये नव्हे, परदेशातल्या एका स्टुडिओत.

'फॉर लव्ह ऑफ आयव्ही' (१९६८) बद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कथाकल्पना सिडनी पॉयटिए याची, नायकही तोच, संगीत क्विन्सी जोन्सचे. आयव्ही ही एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबातली मोलकरीण. नऊ वर्षांच्या चाकरीनंतर ती शिकायला जायचे म्हणते, तेव्हा घरातली तरुण मुले तिला थोपवण्यासाठी तिच्यामागे एक प्रियकर लावून देतात. दोन कृष्णवर्णीय माणसांचे साधे प्रेम मोठ्या पडद्यावर दाखवावे, हा पॉयटिएचा हेतू चांगला होता. पण मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षीच्या एप्रिलमधली, आणि उन्हाळ्यात पडद्यावर पुन्हा मोलकरीणच! हॅटी मॅक्डॅनिएलला मोलकरणीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले त्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षे उलटून गेली होती. अ‍ॅबीला या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले. मिळायलाच हवे होते. सोडून जाते असे सांगणारी आयव्ही विनवणी करत नाही, निर्णय कळवते, आणि तेवढ्या वेळापुरता तरी चित्रपट तिच्या उंचीला येतो.

त्यानंतर दूरचित्रवाणीवर काही किरकोळ भूमिका. १९७० साली रोचपासून घटस्फोट. पुढे मिरियम मकेबाबरोबर ती आफ्रिकेला गेली. गिनीचे राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांनी तिला आमिनाता हे नाव दिले, झाईरमध्ये मोसेका हे दुसरे मिळाले. आमिनाता हे आमिना या नावाचे पश्चिम आफ्रिकेतले रूप. प्रेषितांच्या मातोश्रींचे नाव. एवढ्यावरून तिला आपल्या यादीत ओढू नये. नामांकित माणसाच्या नावात अरबी अक्षर दिसले की त्याला आपलासा करण्याची खोड आपल्या नियतकालिकांना आहे. लक्षात घ्यायचे ते इतकेच की रसेलने दिलेल्या नावानंतर हे नाव तिने स्वतः स्वीकारले आणि आवडीने मिरवले. पडद्यावर मात्र ती शेवटपर्यंत अ‍ॅबी लिंकनच राहिली.

शेवटचे उल्लेखनीय दर्शन स्पाइक लीच्या 'मो बेटर ब्लूज' (१९९०) मधले. साठीला आलेली अ‍ॅबी नायकाच्या बालपणीची आई झाली आहे. खिडकीखाली पोरे खेळायला हाका मारताहेत, पोराचे लक्ष तिकडे, बापाला वाटते जाऊ द्यावे, आणि आई म्हणते आधी ट्रम्पेटचा रियाज. काही मिनिटांचेच काम आहे. येथेही तिला गाणे नाही. त्याच वर्षी तिचा 'द वर्ल्ड इज फॉलिंग डाउन' हा संग्रह आला आणि १४ ऑगस्ट २०१० रोजी न्यूयॉर्कमध्ये मृत्यू येण्याच्या तीन वर्षे आधीपर्यंत ती स्वतःची गाणी स्वतः लिहून ध्वनिमुद्रित करत राहिली.