नवकोवाद : नियम पाठ झाले, पण कारण?

आज एका छोट्या पुस्तकाबद्दल बोलू. थायलंडमध्ये नव्या भिक्खूला सुरुवातीला जे पुस्तक शिकवतात, ते ‘नवकोवाद’. नवक म्हणजे नवा भिक्खू, ओवाद म्हणजे उपदेश. राजा मोंगकुट यांचे पुत्र आणि पुढे संघराज झालेले वजिरञाण यांनी ते १८९९ साली तयार केलं.

आधी पुस्तकाची बाजू समजून घेऊ. तिकडे अनेक तरुण एका वर्षावासापुरतं, म्हणजे तीनेक महिनेच, चीवर घेतात. त्यांना पाली येत नाही. त्यांच्यासाठी विनय, धम्म आणि गृहस्थाचं आचरण असे तीन भाग थाई भाषेत मांडले. पातिमोक्खाचे २२७ नियम थोडक्यात आले. पुढे ‘नाक थम’ परीक्षेच्या पहिल्या पायरीला हेच पुस्तक लागलं. देशभराच्या भिक्खूंना किमान शिक्षण एकसारखं मिळू लागलं. हे काम लहान नाही.

पण नियमाची यादी झाली की त्यामागची घटना गळते. मद्यपानाचा नियम घ्या. इथे तो एका ओळीत संपतो. विनयपिटकात मात्र आधी गोष्ट येते. सागत नावाच्या भिक्खूने नागाला नमवलं. कोसंबीच्या लोकांनी कौतुकाने घरोघरी त्याला मद्य दिलं आणि तो वेशीतच कोसळला. भिक्खूंनी उचलून आणलं, तर बुद्धांकडे पाय करून पडला. बुद्ध विचारतात, हा आता साध्या पाणसापाशी तरी लढू शकेल का? बघा, त्याला पाडलं ते शत्रूने नाही, श्रद्धाळू लोकांनी. रोज भिक्षेला जाणाऱ्या माणसाला हे कळणं जास्त गरजेचं आहे.

दुसरं, महावग्ग सांगतो की उपाध्यायाने शिष्याला मुलासारखं मानावं, शिष्याने त्याला वडिलांसारखं. शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची सेवा करायची. हुशार शिष्यानेही पाच वर्षं आश्रयाने राहायचं. शिस्त अशी सहवासातून येते. परीक्षेत तिची फक्त नावं लिहिता येतात.

कोणी म्हणेल, तीन महिन्यांत पाच वर्षांचं कसं शिकवणार? रास्त आहे. यादी सगळी द्या, पण निदान दहा नियमांच्या गोष्टी तरी सांगा.

आपल्याकडच्या दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरांनाही हाच प्रश्न आहे. दहा शीलं पाठ होतात. पण दुपारनंतर जेवायचं का नाही, हे संध्याकाळी पोटात कावळे ओरडत असताना शेजारी बसून कोणी सांगतं का?