साचा आणि आशय : संकेतस्थळ-रचनेच्या एका शिक्षणपद्धतीचा विचार

संकेतस्थळाची रचना शिकू इच्छिणाऱ्याने स्वतः एक साचा घडवावा आणि तो विनामूल्य सर्वांस खुला करावा, ही शिक्षणपद्धती आता रूढ झाली आहे. तिच्या औदार्याची प्रशंसा पुष्कळ होते. तिची चिकित्सा मात्र क्वचितच होते. साचा देऊन टाकल्याने शिकणाऱ्यास नेमके काय मिळते, हा खरा प्रश्न आहे.

या संदर्भात कॅनडातील रचनाकार डेव्ह शे यांनी २००३ मध्ये आरंभिलेला ‘सीएसएस झेन गार्डन’ हा उपक्रम विचारात घ्यावा लागतो. त्यात एचटीएमएलमध्ये बांधलेला मजकूर सर्वांस एकच होता. त्यातील शब्दही न बदलता, केवळ सीएसएसचे नियम व चित्रे यांच्या साहाय्याने, त्यास निराळे रूप द्यावयाचे आणि ते नियम इतरांच्या अभ्यासासाठी खुले ठेवावयाचे, अशी अट होती. एकाच मजकुराने दोनशेहून अधिक रूपे धारण केली. आशय व आकृतिबंध अभिन्न मानणाऱ्या समीक्षेस हे आव्हानच वाटेल. तथापि हा मजकूर मुळात सीएसएसच्याच सामर्थ्याविषयी होता. म्हणजे येथे आशय तटस्थ नव्हता. तो आकृतिबंधास आधीच अनुकूल होता.

साच्याची खरी कसोटी परक्या आशयाशी गाठ पडल्यावर लागते. नवशिक्या आपला साचा बहुधा ‘लोरेम इप्सम’ या शब्दसमूहाने भरतो. सिसेरोच्या इ. स. पू. ४५ मधील लॅटिन ग्रंथाचा तो विकृत अवशेष होय. त्यास अर्थ नसल्यामुळे तो कोणतीही तक्रार करीत नाही. त्या जागी मराठी मजकूर येताच मात्र दोष प्रकट होतात. अक्षरांतील अंतर वाढविले की शिरोरेखा तुटते. ओळी दाटीने बसविल्या की वरच्या ओळीतील उकार खालच्या वेलांटीस भिडतात. मोठ्या लिपीतील अक्षरांनी मथळा उठावदार करण्याची योजना देवनागरीत निष्फळ ठरते, कारण तेथे लहान-मोठी अक्षरे हा भेदच नाही. सारांश, सर्वांसाठी म्हणून घडविलेला साचा वस्तुतः रोमन लिपीसाठीच घडविलेला असतो.

हे दोष कर्त्यास एकट्याने दिसत नाहीत. दुसऱ्याने साचा वापरला म्हणजेच दिसतात. म्हणून साचा खुला करणे हे केवळ दान नसून स्वतःचे परीक्षण आहे. परंतु वापरणाऱ्याची दुरुस्ती कर्त्यापर्यंत परत न आली, तर ते परीक्षण अपुरेच राहते.

कुंडलिकेच्या काठावरील नवीन जालन्यातील विद्यार्थ्यास ही गोष्ट निराळ्या रीतीने परिचित असावी. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ स्थापन केल्यापासून जालना बियाण्यांसाठी ओळखले जाते. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. सरळ वाणाचे बी शेतकरी राखतो, निवडतो आणि शेजाऱ्यासही देतो. बंदिस्त साचा पहिल्या जातीचा, खुला साचा दुसऱ्या जातीचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडविलेला ‘मुक्ता’ हा टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने अशा विद्यार्थ्यास देवनागरी अक्षरही हाताशी आहे. त्याने आपला पहिला साचा निरर्थक लॅटिनने न भरता बाजारभावाच्या तक्त्याने किंवा ग्रंथालयाच्या सूचनेने भरावा. मराठी मजकुराने घेतलेली परीक्षा जो साचा उत्तीर्ण होईल, तोच पुढे इतरांस देण्यायोग्य ठरेल.