‘वामोस आ ला प्लाया’ : एका क्रियारूपाचा विचार

इटलीतील तुरीनच्या ‘रिगेइरा’ या जोडीने १९८३ साली गायिलेले ‘वामोस आ ला प्लाया’ हे स्पॅनिश डिस्को-गीत सामान्यतः सागरतीरीच्या विहाराचे मानले जाते. वस्तुतः त्यात अणुबाँबचा स्फोट होऊन गेलेला आहे. वारा किरणोत्सर्गी आहे. श्रोत्यांस स्पॅनिश कळले नाही, एवढ्याने या विसंगतीचा उलगडा होत नाही. ‘वामोस’ हे रूप ‘जातो’ व ‘जाऊ या’ अशा दोन्ही अर्थी चालते. मराठीस येथे निवड करावी लागते. शिवाय ‘आम्ही’ की ‘आपण’, हेही ठरवावे लागते. स्पॅनिशमध्ये निवेदन व निमंत्रण एकाच शब्दात नांदतात, आणि ठेक्यावर गुणगुणणारा श्रोता नकळत त्या विनाशयात्रेत सामील होतो. गीतातील उपरोधाचे मूळ असे व्याकरणात आहे. केवळ आशय उतरविणाऱ्या भाषांतरात नेमके तेच हरवेल.